मीठ कोणी घातलं

"तामांडा, ये गं, मीठ घालून जा."

इनेलेसची ही हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. महिन्यातून चार दिवस ती ऐकू आली की शहरातल्या न्डिरांडे वस्तीच्या त्या उतारावरच्या सगळ्या घरांना कळायचं, इनेलेसचे ते दिवस सुरू झाले. नळावरच्या रांगेतल्या बायकांना कळायचं, कोपऱ्यावर जुने बूट विकणाऱ्याला कळायचं, समोरच्या चर्चमधल्या पाळकालाही कळायचं. ही गोष्ट बाईने कुणाजवळ बोलू नये असा आमच्याकडे कडक नियम आहे, आणि तीच गोष्ट तिने साऱ्या वस्तीला ओरडून सांगावी अशी सोयही आम्हीच करून ठेवली आहे. त्या दिवसांत बाईने कालवणात मीठ घालायचं नाही. तिने घातलं आणि नवऱ्याने खाल्लं, तर ते त्याच्या छातीत जाऊन बसतं, त्याला खोकला लागतो, तो वाळत जातो आणि शेवटी मरतो. या आजाराला म्दुलो असं नावही आहे. म्हणून न्हाण न आलेल्या पोरीला हाक मारायची आणि तिच्या हातून मीठ घालून घ्यायचं.

सात वर्षांची तामांडा दोरीवरच्या उड्या सोडून यायची, चिमूट भरून पातेल्यात टाकायची आणि पळायची. आपल्याला का बोलावतात हे तिला ठाऊक नव्हतं. आईपेक्षा आपल्या हाताला जास्त चव आहे, एवढंच ती समजून होती, आणि मैत्रिणींपुढे तशी फुशारकीही मारायची.

त्या दिवशी शेंगदाण्याचं कूट लावलेला भोपळ्याचा पाला शिजत होता. पावसामुळे शेगडी आत घेतली होती. कोळसे ओले होते, म्हणून इनेलेसने प्लास्टिकची पिशवी पेटवून ते धरवले होते आणि पत्र्याची ती एवढीशी खोली धुराने भरून गेली होती. ती खोकत खोकत पाला ढवळत होती. ती रोजच खोकायची. पहाटे उठून त्याच शेगडीवर ती विकायला मंडासी, म्हणजे पिठाचे वडे, तळायची, तेव्हाही खोकायची. चुलीपाशी बसलेली बाई खोकली तर तिला धूर लागला म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. तिचा खोकला कुणी मोजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तीही मोजत नव्हती.

मोजला जायचा तो लास्टनचा. लास्टन तिचा नवरा, वय अडतीस. चौदा वर्षं तो मक्याच्या गिरणीत पोती ओतत होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया, कान, नाकाचं टोक सगळं पिठाने पांढरं झालेलं असायचं आणि तामांडा त्याला आजोबा म्हणून चिडवायची. हल्ली तो उतार चढताना दोनदा थांबायचा. पहिल्यांदा बूटवाल्यापाशी, बूट बघतोय असं दाखवून. दुसऱ्यांदा नळापाशी, आणि तिथे मात्र दाखवायला काही नसायचं.

सहा वर्षांपूर्वी त्याला क्षय झाला होता. दवाखान्याने सहा महिने गोळ्या दिल्या, त्याने एकही चुकवली नाही, आणि शेवटी कार्डावर बरा झाल्याचा शिक्का बसला. ते कार्ड त्याच्या आईने, एस्नाथ आजीने, बायबलात घालून ठेवलं होतं. आता त्याच कार्डाने घात केला. आजीचा हिशेब सरळ होता. दवाखान्याचा आजार दवाखान्याने नेला, तसं लिहूनही दिलं. मग हा खोकला आला कुठून? हा घरातलाच असणार. आणि घरात कालवण कोण करतं, हे काही तिला दुसऱ्या कुणाला विचारायचं नव्हतं.

एस्नाथ आजी दुष्ट नव्हती. पाच मुलं पुरून एक उरलेला तिचा मुलगा डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि तिला ठाऊक असलेलं कारण एकच होतं. तिच्या आईने तिला तेच शिकवलं होतं. मला तिचा राग येतो आणि तिची दयाही येते, पण राग जास्त येतो.

त्याच आठवड्यात आरोग्य खात्याची एक मुलगी वस्तीत फिरत होती. तियांजाने असं तिचं नाव. खांद्याला पेटी, पेटीत फुंकायचं यंत्र. शहरातल्या वयाने मोठ्या माणसांच्या छातीत किती हवा मावते, हे ती घरोघर मोजत होती. लास्टनने नळी तोंडात धरली. छाती भरून घ्या, सगळं बाहेर फेका, अजून, अजून, असं ती म्हणत राहिली, आणि लास्टन मधेच खोकल्याने वाकला. तीन वेळा झालं. आकडा असायला हवा त्याच्या निम्म्याच्याही खाली होता.

"आता तुम्ही, ताई," तियांजाने इनेलेसला म्हणाली.

"तिला काय धाड भरलीय?" एस्नाथ आजी म्हणाली. "माझ्या पोराचं काय ते सांग."

पण तियांजानेला घरातल्या सगळ्या मोठ्यांना मोजायचं होतं. इनेलेसने पदर खोचावा तसं कमरेचं फडकं घट्ट केलं आणि फुंकलं. तियांजानेने आकडा पाहिला, पुन्हा फुंकायला लावलं, मग तिचं वय परत विचारलं. तेहतीस म्हटल्यावर तिने हातातला कागद खाली ठेवला. घरी सिगारेट ओढता का, गिरणीत जाता का, लहानपणी स्वयंपाक कशावर करायचा, असे बरेच प्रश्न तिने विचारले. इनेलेसने सांगितलं की थ्योलोला माहेरी ती आठव्या वर्षापासून चहाच्या मळ्यातली ओली लाकडं जाळून रांधायची, लग्नानंतर कोळसा आला, आणि मंडासी तळताना वाऱ्याने शेगडी विझू नये म्हणून ती दार लावून घेते.

"ही छाती साठीच्या बाईची आहे," तियांजाने हलक्या आवाजात म्हणाली.

मग तिने दोघांना समजावलं. गोळ्यांनी लास्टनचे जंतू मेले, पण आग विझल्यावरही भिंती काळ्याच राहतात, तसं त्याचं फुप्फुस राहिलं होतं. त्यावर रोजची पिठाची धूळ, त्यावर घरचा धूर. क्षय उलटला नाही ना, तेही बघायला हवं होतं. मंगळवारी मोठ्या दवाखान्यात छातीचे डॉक्टर येतात, तिथे दोघांनी यायचं, म्हणून तिने चिठ्ठी लिहून दिली.

लास्टनने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि जरा संकोचून विचारलं, "म्हणजे यात मिठाचा काही संबंध नाही?"

तियांजाने हसली. कुणाला दुखवावं असं तिच्या मनात नव्हतं, शहरात शिकलेली मुलगी, तिला हसू आलं. पण ती एस्नाथ आजीसमोर हसली. आजीने त्याच क्षणी तोंड फिरवलं आणि तिने सांगितलेलं सगळं त्या हसण्याबरोबर दाराबाहेर गेलं. आमच्या शिकलेल्या लोकांना हे कधी कळणार, मला ठाऊक नाही. तियांजानेच्या स्वतःच्या घरीही त्या चार दिवसांत मीठ तिची धाकटी बहीण घालत असे. आईला वाईट वाटू नये म्हणून. हे मात्र तिने तिथे सांगितलं नाही.

शनिवारी बैठक बसली. आमच्याकडे लग्नाला दोन्हीकडून एकेक जामीनदार असतो, संसारात काही बिघडलं की त्यांनी येऊन निस्तरायचं. लास्टनकडून त्याचा मामा ग्रेशम आला. रेल्वेतून निवृत्त झालेला कारकून, गळ्यात टाय, आवाज कधी चढायचा नाही. इनेलेसकडून तिचा थोरला भाऊ बिस्विक थ्योलोहून आला. तो आल्यापासून दाराकडे बघत होता. बहीण पोरीसकट परत पाठवली तर तिला ठेवायची कुठे, ही एकच काळजी त्याच्या चेहऱ्यावर होती.

ग्रेशममामाने प्रार्थना केली, मग म्हणाला, "सूनबाई, आम्ही तुला दोष द्यायला आलो नाही. हातून चूक सगळ्यांच्याच होते. पण बाईने कबूल केल्याशिवाय या आजारावरचं औषध लागत नाही, हे तुलाही माहीत आहे. तू फक्त बोल, म्हणजे औषधाला वाट मिळेल."

लग्नाच्या बारा वर्षांत इनेलेसने त्या दिवसांत एकदाही मीठ घातलं नव्हतं. तामांडा तान्ही होती तेव्हा ती शेजारची पोर बोलवायची, आणि पोर मिळाली नाही तर कालवण अळणी राहायचं. तिने ते सांगितलं. मग तिने यंत्राची गोष्ट काढली. मी तर कुणाच्याही हातचं खाल्लं नाही, माझंच मी रांधते, तरी माझीसुद्धा छाती निम्मी निघाली, आता बोला, असं ती म्हणाली. आपण मोठा पुरावा दिला असं तिला वाटलं.

मामाने मान हलवली. त्याला तिची कीव आली होती.

"तुझ्याही छातीत निघालं? मग झालंच की, पोरी. जिने घातलं तिच्यावरही उलटलं."

एस्नाथ आजीने तोंडावर हात ठेवला. बिस्विक खाली बघू लागला. माणसाला जे मानायचं असतं ते तो कशातूनही काढतो, पण एका बाईच्या आजाराचाच तिच्याविरुद्ध साक्षीदार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

इनेलेसने लास्टनकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, दर वाक्यानंतर त्याचे खांदे वर उचलले जात होते. मंगळवारला तीनच दिवस होते. ही बैठक आज मिटली नाही तर पुढच्या शनिवारी पुन्हा बसेल, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा, आणि तोवर कुणी त्याला दवाखान्याची पायरी चढू देणार नाही, हे तिला स्वच्छ दिसलं.

"मी बोलले तर मंगळवारी त्यांना डॉक्टरकडे जाऊ द्याल?" तिने विचारलं.

"औषध तीन दिवसांचं असतं," मामा म्हणाला. "मग मंगळवार कुठे पळतो?"

"इनेलेस, बोलून टाक," बिस्विक म्हणाला. "संपवून टाकू."

ती बोलली. नुसतं बोलून भागलं नाही. कोणता दिवस, कोणतं कालवण, पोर कुठे होती, हे सगळं सांगावं लागलं, नाहीतर औषध नेमकं लागत नाही म्हणे. म्हणून तिने रचून सांगितलं. नाताळच्या आधीचा आठवडा होता, भोपळ्याचा पाला होता, तामांडा नळावर गेली होती, लास्टनला कामाला जायची घाई होती. मी विसरले आणि हात गेला.

आणि मग लास्टन बोलला. त्या दिवशी तो पहिल्यांदाच बोलला.

"हो," तो म्हणाला. "तो पाला मला खारट लागला होता."

तसा कुठला पाला कधी शिजलाच नव्हता. पण त्याच्या जिभेला तो आठवला. तिच्याकडे त्याने असं पाहिलं की आजही ते आठवलं की इनेलेस हातातलं काम थांबवते.

रविवारी वैदू आला. त्याने निखाऱ्यांवर मुळ्या टाकल्या, लास्टनला त्यावर वाकवलं आणि डोक्यावरून घोंगडी पांघरली, धूर वाया जाऊ नये म्हणून. धुराने आणि धुळीने मेलेल्या छातीला आम्ही आणखी धूर पाजला. सकाळ-संध्याकाळ पाजला. तो गुदमरून डोकं बाहेर काढायचा तेव्हा त्याची आईच त्याला प्रेमाने थोपटून परत आत ढकलायची. सोमवारी वैदू म्हणाला, रोगी अशक्त आहे, धूर हळूहळू द्यायला हवा, सात दिवस लागतील.

मंगळवारी सकाळी इनेलेसने बायबलातलं कार्ड काढलं, चिठ्ठी घेतली, पायात बूट घातले आणि नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मिनीबस खाली उभी आहे, बिस्विक अजून इथेच आहे, दोघं धरून नेतो, असं म्हणाली. अडवायला कुणी पुढे आलं नाही. तशी वेळच आली नाही.

"कशाला?" लास्टन म्हणाला. "तू कबूल केलंस ना? मग डॉक्टरला काय दाखवायचं?"

मी खोटं बोलले, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. मागे एस्नाथ आजी उभी होती. बाईने शब्द फिरवला की लागलेलं औषधही उतरतं, हे आजीला ठाऊक होतं, लास्टनला ठाऊक होतं आणि इनेलेसलाही लहानपणापासून ठाऊक होतं. तिचा औषधावर विश्वास नव्हता. पण त्याचा होता, आणि आता त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. तिने बूट काढले.

त्या दिवसापासून तो आईच्या हातचं खाऊ लागला. इनेलेस न्सिमाचं, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, ताट घेऊन गेली तर तो ते हळूच बाजूला सारायचा. त्याने तिला एकदाही शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एकदा फक्त म्हणाला, "बारा वर्षं तुझ्या हातचं खाल्लं, तामांडाच्या आई. पोर येईपर्यंत थांबायचं होतंस."

बरा झाला की खरं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. अकराव्या दिवशी त्याची नखं निळी पडली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला उचलून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डॉक्टरांनी कागदावर जुन्या क्षयाचा व्रण आणि नवा न्यूमोनिया असं काहीसं इंग्रजीत लिहिलं. मयताला आलेल्यांपैकी तो कागद कुणी वाचला नाही. त्यांना कारण आधीच माहीत होतं, बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

त्यानंतर इनेलेसची मंडासी कुणी घेईना. पिठात चिमूटभर मीठ असतंच, आणि ते तिने कोणत्या दिवशी घातलं असेल याचा भरवसा कुणी द्यायचा? मग ती कोळसा विकू लागली. पोत्यातून छोट्या डब्यांत भरायची, दिवसभर काळी भुकटी हवेत उडत राहायची. तिच्या हातचा कोळसा मात्र सगळ्या गल्लीला चालत होता. ती आता उतार चढताना तीनदा थांबायची. तिला कुणी वैदू आणला नाही. तिच्यासाठी कोणत्या मामाने बैठक बोलावली नाही. बाईला हा खोकला होतो तेव्हा तो कुणाच्या मिठाने होतो, याचं उत्तर आमच्या शहाण्यासुरत्यांनी तयारच ठेवलेलं नाही.

पाच वर्षं गेली. तामांडाला न्हाण आलं.

न्हाण आलेल्या पोरीला बायका देतात त्या शिकवणीला एस्नाथ आजी आली, गल्लीतल्या आणखी दोन म्हाताऱ्या आल्या. इनेलेसच्या माहेरचं शहरात कुणी नव्हतं. शिकवणी चालते त्या खोलीत आईने यायचं नसतं, म्हणून ती बाहेर कोळशाच्या पोत्याला टेकून बसली. पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. स्वच्छ कसं राहायचं, मोठ्यांपुढे गुडघे कसे टेकायचे, मुलांपासून लांब कसं राहायचं. मग आतमध्ये पातेलं सरकवल्याचा आवाज आला. कुणीतरी पाला शिजवून आणला होता, दाखवण्यासाठी.

"इथून पुढे हे भांडं पुढ्यात आलं की हात मागे," एस्नाथ आजी म्हणत होती. "या मिठाला हात लावायचा नाही. तुझ्या आईने लावला. तुझा बाप गेला. हे विसरायचं नाही."

तामांडाने हो म्हटलं. ते इतकं हळू म्हटलं की इनेलेस उठली.

ती दार लोटून आत गेली. म्हाताऱ्या चपापल्या. तामांडा मधोमध चटईवर बसली होती, डोक्यावरून फडकं, हात मांडीखाली दाबलेले. बाराव्या वर्षी ती स्वतःच्याच हातांना भिऊन बसली होती. लहानपणी हीच पोर आपल्या हाताला चव आहे म्हणून मिरवायची, हे इनेलेसला आठवलं.

"मी मीठ घातलं नव्हतं," इनेलेस म्हणाली. "मी त्या दिवशी खोटं बोलले. मला त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं."

एस्नाथ आजी तिच्याकडे बघत राहिली. पाच वर्षांत ती फार थकली होती. "मग माझा मुलगा कशाने गेला?" तिने विचारलं.

"गिरणीने. जुन्या आजाराने. आणि आपण घोंगडीखाली जे पाजलं त्याने. माझ्या खोटं बोलण्यानेसुद्धा. आई, मी रोज खोकते. पाच वर्षं तुम्ही ऐकताय. मी कुणाचं मीठ खाल्लं ते सांगा."

इनेलेस चटईवर पोरीसमोर बसली. तिने पातेलं पुढे ओढलं, मिठाची वाटी उचलून तामांडाच्या पुढ्यात धरली आणि म्हणाली, "घाल."

"आई, नको."

"घाल, तामांडा."

मुलीने मांडीखालून हात काढला. तिने चिमूट भरली आणि पातेल्यात सोडली. एका म्हातारीने डोळे मिटून घेतले. इनेलेसने न्सिमाचा गोळा मोडला, पाल्यात बुडवला आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा घास घशाखाली उतरतो न उतरतो तोच तिला खोकला आला.

रोज येतो तसाच तो आला. सकाळी आला होता, बाहेर पोत्यापाशी आला होता. तिने एक हात चटईवर टेकला, खांदे वर उचलले गेले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो थांबेना. तिन्ही म्हाताऱ्या बघत होत्या. पण त्या इनेलेसकडे बघत नव्हत्या. त्या तामांडाच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, आणि त्या तशा बघताहेत हे तामांडाला दिसलं. तिने हात मुठीत घेतला.

इनेलेसनेही ते पाहिलं. तिला बोलता येत नव्हतं. तिने डावा हात पुढे करून मुलीचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं, खोकला ओसरेपर्यंत. मग तिने तोंड पुसलं, श्वास गोळा केला आणि मिठाची वाटी पुन्हा मुलीसमोर सरकवली.

"अजून थोडं घाल," ती म्हणाली. "अळणी आहे."